भीमाशंकरचा घाट चढून पाणवठ्यावरच्या गणनेला बसायचंय? मग हे आधी वाचा

सकाळी सात वाजता मचाणाखाली आलेल्या गार्डने आमच्याकडचा तक्ता हातात घेतला, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "अकरा ते चार कोरं आहे. काही आलं नाही, का तुम्ही बघितलं नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आदल्या दिवशी पायथ्याच्या खांडस गावाहून भर वैशाखात घाट चढून आलो होतो. संध्याकाळी पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला मचाणावर बसलो, अकराला "पाच मिनिटं पाठ टेकतो" म्हणालो, ते थेट चारला वानरांच्या कालव्याने जागे झालो. मधल्या पाच तासांत त्या पाण्यावर सांबर आलं असेल, बिबट्या येऊन गेला असेल, नाहीतर कुणीच फिरकलं नसेल. आम्हाला ठाऊक नव्हतं. गार्ड काही बोलला नाही, कागद घडी करून खिशात घातला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर तीनदा बसलो, आणि आता ग्रुपमधल्या नव्या पोरांना मीच सूचना देतो. त्याच इथे सविस्तर लिहितो आहे. सगळं भीमाशंकर अभयारण्य डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. दुसरीकडे जाणार असाल तर वाटा बदलतील, चुका मात्र बहुतेक ह्याच होतील.

१. नक्की कशाला चाललोय ते आधी समजून घ्या

वैशाखात जंगलातले ओढे आटतात, मोजकेच पाणवठे उरतात. त्यातून बुद्ध पौर्णिमेला रात्रभर चांदणं. म्हणून त्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून, येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आली आहे. लोक तिला अजूनही "गणना" म्हणतात. खरं तर एकच सांबर रात्रीतून दोनदा पाण्यावर येऊ शकतं, किंवा दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतं, त्यामुळे ह्या आकड्यांवरून जंगलात अमुक इतकी सांबरं आहेत असं सांगता येत नाही. त्यासाठी आता कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि ठरलेल्या रेषेवर चालून केलेली पाहणी वापरतात. वनविभाग स्वतः अनेक ठिकाणी ह्या रात्रीला "निसर्गानुभव" म्हणतो. तरी नोंदी होतात, वरिष्ठ कार्यालयात जातात, आणि कुठल्या पाण्यावर काय येतं ह्याचा अंदाज त्यातून बांधला जातो. म्हणजे तुमच्या कागदाला किंमत आहे, पण तुम्ही शास्त्रज्ञ नाही. आणि सफारीचे पाहुणेही नाही. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

भीमाशंकर हे १९८५ साली जाहीर झालेलं अभयारण्य, क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरलेलं. ओळख शेकरूची, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीची, आपल्या राज्यप्राण्याची. पण शेकरू दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्री मचाणावर बसून शेकरू दिसेल ही आशा घेऊन येणारे दरवर्षी दोघं-तिघं तरी भेटतात. त्याच्यासाठी पहाटेची आणि दिवसाची वेळ आहे, तिच्याकडे नंतर येतो.

२. आधी तारीख, मग सुट्टी, मग ग्रुप

पौर्णिमा आपल्या शनिवार-रविवारची वाट बघत नाही. २०२४ ला ती २३ मे रोजी गुरुवारी आली, २०२५ ला १२ मे रोजी सोमवारी. २०२६ ची १ मे ची, शुक्रवारची, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत. असं नशीब दर वर्षी नसतं. ऑफिसात तीन दिवसांची रजा आधी टाका: एक चढायचा, एक मचाणाचा, एक परतायचा. "दोन दिवसांत बसवू" म्हणणारा जो कुणी ग्रुपमध्ये असेल त्याला ह्या लेखाचे पहिले दोन परिच्छेद वाचायला द्या.

ग्रुप सहा ते आठ जणांचा ठेवा. एका मचाणावर दोन, फार तर तीन माणसं बसतात, त्यातला एक बऱ्याचदा वनमजूर किंवा गावातला माणूस असतो. तुम्ही पंधरा जण गेलात तर निम्म्यांना मचाण मिळत नाही, मग रुसवेफुगवे. आणि तुमचा लाडका जोडीदार तुमच्याच मचाणावर असेल असंही धरू नका. वाटप आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, करतात.

अठराच्या खालच्या पोरांना आणू नका. खोकला, घोरणं, रात्री दर तासाला उठावं लागणं ह्यातलं काही असेल तर त्या माणसाने मचाण सोडून बाकी सगळ्या कामाला यावं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

३. परवानगी: इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं

आमचं पहिल्यांदा काय झालं ते सांगतो. वर लिहिलं त्याच्याही आदल्या वर्षी आम्ही एका ट्रेक घेऊन जाणाऱ्या मंडळींकडे पैसे भरले होते. "परवानगीसह" असं त्यांनी लिहिलं होतं. वर पोचल्यावर कळलं की परवानगी म्हणजे त्यांचा कुणीतरी ओळखीचा होता, आणि तो फोन उचलत नव्हता. देवळात दर्शन घेतलं, वेफर्स खाल्ले, एसटीने घरी आलो. दोष त्यांचा होता तितकाच आमचा. आम्ही कागद बघायला मागितलाच नव्हता.

कायदा असा आहे: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला आणि आत राहणाऱ्याला सूट आहे, म्हणून मंदिरापर्यंत कुणी अडवत नाही. रस्ता सोडून रानात, तेही रात्री, शिरायचं तर कलम २८ खालची परवानगी लागते. ती अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी मिळते.

भीमाशंकर पुणे वन्यजीव विभागाकडे आहे. अर्ज उपवनसंरक्षक (वन्यजीव), पुणे यांच्या नावाने करा आणि प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या. पौर्णिमेच्या महिना-सव्वा महिना आधी. ईमेल करून गप्प बसू नका, आठवड्याने फोन करा, शक्य असेल तर एक जण प्रत्यक्ष जाऊन या. साहेब दौऱ्यावर असतील, पण टेबलावरच्या कारकुनाला तुमचा चेहरा आठवतो.

लागणारे कागद:

- ग्रुपच्या नावाने एक अर्ज: कोण, किती, कुठून, कुठल्या दिवसांसाठी, आधी कुठे काम केलंय
- प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत, मागे मोबाईल नंबर आणि घरच्या एका माणसाचा नंबर
- प्रत्येकी दोन पासपोर्ट फोटो
- सहीचं हमीपत्र (नियम पाळीन, जोखीम माझी; नमुना बऱ्याचदा तेच देतात)
- मागितल्यास डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला
- गाडी नेणार असाल तर गाडीचा नंबर
- ह्या सगळ्याचे दोन जादा संच, पाणी लागणार नाही अशा पिशवीत

शेवटचं का? कारण वर झेरॉक्स नाही, आणि रेंज असेलच असं नाही. "फोनमध्ये आहे ना" हे वाक्य नाक्यावर चालत नाही.

काही व्याघ्रप्रकल्पांत मचाणासाठी शुल्क घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. जिथे भराल तिथे पावती घ्या. आणि दरवर्षी बाहेरचे स्वयंसेवक घेतीलच असंही नाही. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका.

परवानगी मिळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग मला दुसऱ्या वर्षी सापडला. आधी झाडू, मग मचाण. महाशिवरात्रीनंतर भीमाशंकरच्या आसपास प्लॅस्टिकचा खच पडलेला असतो: पाण्याच्या बाटल्या, द्रोण, बेलफुलांच्या पिशव्या. तो उचलायला माणसं हवी असतात. हिवाळा संपताना वणवा अडवण्यासाठी जाळरेषा काढतात, म्हणजे पट्ट्यातलं गवत-पाचोळा साफ करून ठेवतात, तिथेही हात लागतात. आम्ही महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी बारा जण गेलो, दुपारपर्यंत एकोणतीस गोण्या भरल्या. नंतर अर्ज घेऊन गेलो तेव्हा वनपालांनी स्वतःच विचारलं, "गोणीवाले ना तुम्ही?"

४. वाट: गणेश घाट घ्या, शिडी घाटाचा हट्ट सोडा

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी पायथा खांडस. कर्जत किंवा नेरळला उतरून कशेळेमार्गे जायचं. टमटम आणि जीप मिळतात, पण रात्री उशिरा पोचणार असाल तर गाडी आधी सांगून ठेवा. आदल्या रात्री खांडसला कुणाच्या तरी घरी पडवीत झोपा आणि पहाटे साडेचारला निघा. साडेचार म्हणजे पाय रस्त्यावर साडेचारला. चहा त्याच्या आधी.

खांडसहून दोन वाटा निघतात. शिडी घाट जवळचा, पण त्यात लोखंडी शिड्या आणि निसटत्या खडकाचे टप्पे आहेत. पाठीवर तीन दिवसांचं ओझं घेऊन तिथे जायचं काही कारण नाही. गणेश घाट लांबचा, वाटेत गणपतीचं छोटं देऊळ, उजेडात चुकण्यासारखं फारसं काही नाही, बाजूला पदरगडाचे सुळके दिसत राहतात. दोन्ही वाटा पदरवाडीच्या सपाटीवर एकत्र येतात. तिथून शेवटचा खडा चढ रानातून थेट माथ्यावर.

एकूण आठशे-नऊशे मीटरची चढाई आहे. पावसाळ्यात लोक ती गाणी म्हणत करतात. मे महिन्यात नऊनंतर कोकणाच्या बाजूचा कातळ तव्यासारखा तापतो, वारा पडतो, आणि अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. आमच्यातला एक चांगला सराईत गडी पदरवाडीच्या अलीकडे अचानक बोलायचा थांबला. घाम येईना, पायात गोळे. सावलीत आडवा केला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तासाभराने उठला. म्हणून:

माणशी चार लिटर पाणी खांडसलाच भरा. वाटेतले झरे ह्या दिवसांत आटलेले असतात, आणि पदरवाडीला सरबताची टपरी पावसाळ्यात दिसली होती म्हणून आत्ता असेल असं नाही. ओआरएसची चार पाकिटं ज्याच्या त्याच्या खिशात ठेवा. सगळी एकाच्या सॅकमध्ये असली की तो नेमका तासभर पुढे असतो. साडेदहाच्या आत झाडीत शिरा.

मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी किंवा ज्यांना एवढ्या उन्हाची सवय नाही त्यांनी सरळ एसटी धरावी. शिवाजीनगरहून राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव करत गाडी वर येते. वर सगळे सारखेच कामाचे. उलट एसटीने आलेला माणूस दुसऱ्या रात्री जास्त जागा असतो, हे मी पाहिलंय.

चढाई पौर्णिमेच्या आदल्या दिवशी करा. त्या रात्री पोटभर झोपा. सगळ्या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

५. सामान

गिर्यारोहणाचं सामान तुमच्याकडे असेलच, ते सांगत बसत नाही. मचाणासाठी वेगळं लागतं ते असं:

- मातकट, खाकी किंवा गडद हिरवे पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा टीशर्ट चांदण्यात ट्यूबलाइटसारखा दिसतो. खसखस आवाज करणारं विंडचीटरही नको, सुती सदरा बरा.
- एक सतरंजी आणि पातळ पांघरूण. मे असला तरी पहाटे माथ्यावर गारवा असतो.
- टॉर्च, काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी लावून. तोही फक्त कागदावर लिहिताना.
- दुर्बीण असेल तर ८×४२ किंवा ७×५०. जास्त पटीची दुर्बीण रात्री कामाची नाही, उजेड कमी पकडते.
- दोन पेन्सिली. पेन पहाटेच्या दवात ओल्या कागदावर चालत नाही.
- दहा-बारा मीटर दोरी, सॅक वर ओढून घ्यायला.
- रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची एक रिकामी बाटली. कशासाठी ते खाली.

खायला धपाटे, दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर. फडक्यात बांधून. प्लॅस्टिकच्या पाकिटातला चिवडा नाही. एका वर्षी माझ्याच जोडीदाराने रात्री दहाला पाकीट फोडलं. पाण्याच्या पलीकडे सांबराची मादी झाडीतून मान बाहेर काढून उभी होती. त्या "चर्रर्र" आवाजासरशी तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, "ढाँक" करून ओरडली आणि गेली. तिच्या मागे पाचोळ्यात आणखी पावलं वाजली. किती होती ते आम्हाला कधीच कळणार नाही. तक्त्यात एकच लिहावी लागली.

डिओ, अत्तर, वासाचं तेल, सिगारेट, तंबाखू, दारू, स्पीकर घरी. काडीपेटीही घरी. कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा आहे, आणि वैशाखात एक ठिणगी डोंगर जाळते. डासांचं मलम लावायचंच तर दुपारी लावा, मचाणावर डबी उघडू नका.

६. गावातला मुक्काम

तंबू नकोत. अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाहीत, आणि गावातल्या घरी राहिल्याने चार पैसे तिथेच राहतात. इथली वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. जेवण पिठलं, भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. माणशी किती द्यायचे ते फोनवरच विचारा आणि वर गेल्यावर घासाघीस करू नका. मावशीने दुसरी भाकरी वाढताना विचारलं नाही म्हणजे ती फुकट असते असं नाही.

एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. ह्या दिवसांत अंगणात, रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन मिळेल तिथे काळपट सुरकुतलेली बारीक फळं वाळत घातलेली दिसतात. तो बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या कितीतरी घरांचा वर्षाचा रोख पैसा म्हणजे तो. त्यावर सॅक टाकू नका, बूट घालून त्यातून चालू नका. आमच्यातल्या एकाने "कसलं वाळवण आहे" म्हणत मूठभर उचलून हवेत उडवला होता. म्हातारे बाबा काही न बोलता उठले आणि एकेक दाणा वेचू लागले. मग आम्ही आठही जण गुडघ्यांवर.

पौर्णिमेच्या सकाळी सहा ते नऊ शेकरूसाठी ठेवा, गावातला एखादा दादा बरोबर घेऊन. आधी मान वर करून घरटी शोधा: उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा किंवा त्याहून मोठा गोळा. मग कान द्या. शेकरू दिसण्याआधी त्याचा खडखडाट ऐकू येतो, किंवा वरून फळाची कुरतडलेली सालं पडतात. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, म्हणून दहा घरटी दिसली की दहा शेकरू असा हिशेब करू नका.

दुपारी जेवून दोन तास झोपा. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडा. साफसफाईचं काम त्या दिवशी अजिबात काढू नका, पाणवठ्याच्या आसपास तर नाहीच. पंधरा माणसांचा वास तिथे सोडून रात्री जनावराची वाट बघण्यात काय अर्थ?

७. मचाणावरची रात्र

साधारण चारला सगळ्यांना बोलावतात, सूचना देतात, फॉर्म वाटतात, पाचच्या सुमारास मचाणावर सोडतात आणि सकाळी सातला उतरवतात. वेळा वर्षागणिक थोड्या बदलतात.

चढण्याआधी खाली तीन गोष्टी करा. पाण्याच्या कडेची ओल बघून घ्या, आधीचे ठसे कुठे आहेत ते गार्डदादांना विचारा. एखादा ठळक दगड किंवा खुंट निवडून त्याची उंची हाताने मोजा, रात्री जनावराच्या आकाराचा अंदाज त्यावरून येतो. आणि लघवीला जाऊन या. एकदा चढलात की सकाळपर्यंत उतरायचं नाही, काहीही झालं तरी. ती बाटली त्यासाठी. बायकांसाठी फनेल मिळतं, ते घ्या आणि घरी एकदा वापरून बघा. हे लाजण्याचं प्रकरण नाही. रात्री दोनला उतरलेल्या माणसाला मचाणाखाली काय उभं आहे ते दिसत नसतं.

फोन बंद. सायलेंट नाही, बंद. पडद्याचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो आणि लांबून दिसतो, शिवाय एकदा उजेडात पाहिलं की पुढची वीसेक मिनिटं डोळ्यांना अंधारातलं नीट दिसत नाही. फोटोचं मनातून काढून टाका.

झोपेचं असं करा: दोन-दोन तासांच्या पाळ्या. एक बसलेला, दुसरा आडवा. बदलताना खांद्याला हात, तोंडातून शब्द नाही. "दोघंही रात्रभर जागू" हा बेत बारा वाजता कोसळतो आणि मग दोघंही एकदम झोपतात. पाळीवाल्याने भिंतीला टेकल्यासारखं टेकून बसू नये.

साडेसहा-सात वाजता पाखरं शेवटची पाण्यावर येतात, मग एक पोकळ शांतता पसरते. डास चावतात. पाय बधिर होतो. तासभर काहीच होत नाही. मग पाचोळा वाजतो आणि काळीज घशात येतं, आणि निघतो उंदीर. चांदणं भरपूर असतं पण भीमाशंकरचं रान दाट, त्यामुळे उजेड फक्त पाण्याच्या उघड्या तुकड्यावर पडतो. कडेच्या काळोखात काही हललं तर त्याकडे टक लावून बघू नका, नजर थोडी बाजूला ठेवा. अंधारात डोळ्याच्या कडेने जास्त दिसतं.

आवाज ऐकून ठेवा. भेकर हे छोटं हरीण, पण कुत्र्यासारखं भुंकतं, आणि थांबून थांबून बराच वेळ भुंकतं. नवखी माणसं त्याला गावचं कुत्रं समजून सोडून देतात. वानरं रात्री खाकरल्यासारखी ओरडली किंवा सांबराने ढाँक दिली तर बिबट्या जवळपास असायची शक्यता असते. वेळ लिहा, दिशा लिहा, गप्प बसा.

वळवाची पण तयारी ठेवा. दुपारी ढग आले आणि तासभर कोसळला, की रानात जागोजागी पाणी साचतं आणि पाणवठ्यावर कुणी येत नाही. विजा असतील तर मचाणावर सोडतच नाहीत. आमची एक पौर्णिमा अशी वनविभागाच्या व्हरांड्यात गेली. त्या वेळी "आम्ही एवढ्या लांबून आलोय" हे वाक्य कुणापुढेही उच्चारू नका.

८. तक्ता भरणं

फॉर्मवर साधारण वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू आणि शेरा असे रकाने असतात. आलेला कुठून आला आणि गेला कुठे, हे रकाना नसला तरी शेऱ्यात लिहा. शेजारच्या पाणवठ्याच्या नोंदीशी ताडताना ते उपयोगी पडतं.

ओळखीत हमखास होणाऱ्या गफलती सांगतो. उदमांजर आणि जवादी मांजर: शेपटी बघा. जवादीच्या शेपटीवर कडी असतात आणि अंगावर ठिपक्यांच्या रेघा, उदमांजर एकजात काळपट आणि झाडावर सहज चढणारं. पिसोरी (हरणासारखं दिसणारं चिमुकलं जनावर) आणि ससा: पिसोरी सशापेक्षा फार मोठं नसतं, पण त्याला खूर असतात, उंच कान नसतात आणि अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असतात. रानमांजर आणि गावचं मांजर: रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड, टोकाला काळी कडी. नक्की कळलं नाही तर "मांजरवर्गीय, ओळख पटली नाही" लिहा. बिबट्या हा शब्द कागदावर उतरवण्याआधी दहा श्वास घ्या. रानडुकराची काळी पाठ झुडपाआडून जाताना चांदण्यात फार वेगवेगळ्या गोष्टींसारखी दिसते.

आणि तासाला काहीच आलं नाही तर रकाना रिकामा ठेवू नका. "१ ते २, जागे होतो, काही नाही" असं लिहा. झोपलात तर "झोप लागली" लिहा. शून्य ही नोंद आहे, कोरी जागा नाही. गेल्या वेळी आमच्या चौदा तासांच्या तक्त्यात अकरा शून्यं, एक रानडुकरांचा कळप, एक साळिंदर आणि एक भेकराचा नुसता आवाज होता. गार्ड तोच होता. त्याने बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाला, "हां. असं."

९. उतरताना

दोरीने आधी सामान सोडा, मग माणसं. रात्रभर आखडलेले पाय लगेच साथ देत नाहीत, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घसरून घोटा मुरगळणारे मी दोन पाहिलेत. खाली आल्यावर हात घालण्याआधी बूट झाडा. घोणस, फुरसं, हिरवा चापडा सगळे ह्या रानात आहेत. साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन आणि घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर पुढे मंचर. वनविभागाची मदतवाहिनी १९२६. दोन्ही नंबर कागदावर लिहून ठेवा, फोन बंद होतात.

अंघोळीच्या वेळी काखेत, कमरेला, गुडघ्यामागे गोचीड बघा. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, जाळायची नाही.

परतीला घाट उतरू नका. रात्र जागलेल्या माणसाने निसरड्या मुरमावरून खांडसला उतरण्यात शहाणपण नाही. एसटीने घोडेगावकडे निघा. मुंबईकरांना वळसा पडतो, पडू दे. खिडकीची जागा पकडायच्या आधी मावशींचे पैसे दिले का ते ग्रुपमध्ये एकदा मोठ्याने विचारा. आमच्याकडे प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने दिले, आणि डिंभ्यापर्यंत येऊन एकाला मागे जावं लागलं होतं.